बाबांचे तीनशे बारा रुपये दिसतात, मग मोठ्यांचं का दिसत नाही? (परदेशात दडवलेला पैसा आणि आपला राग)

वेण्णाकाठ

बाबा एसटीत वाहक होते. निवृत्तीच्या वेळी मिळालेली रक्कम त्यांनी मुदत ठेवीत टाकली, तिच्या व्याजावर घर चालतं. गेल्या वर्षी १५एच (व्याजातून कर कापू नका म्हणून ज्येष्ठांनी बँकेला द्यायचा अर्ज) भरून द्यायचा राहिला आणि बँकेने व्याजातून कर कापला. चूक आमची, त्याबद्दल तक्रार नाही. कापलेला कर परत मिळावा म्हणून मी त्यांचं विवरणपत्र भरलं. त्यात एका जुन्या बचत खात्यावरचं ३१२ रुपये व्याज दाखवायचं राहून गेलं. काही दिवसांत मोबाइलवर संदेश आला की तुम्ही दाखवलेल्या आणि आमच्याकडे नोंदलेल्या उत्पन्नात फरक आहे. बाबा त्या रात्री झोपले नाहीत. नोकरीभर तिकिटाच्या पैशाचा हिशेब आगारात जुळवल्याशिवाय घरी न आलेला माणूस. सकाळी चहा घेताना म्हणाले, "तीनशे बारा रुपये त्यांना दिसतात, मग त्या मोठ्या लोकांचं कसं दिसत नाही गं?"

मला उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून जमेल तसं वाचते आहे. वाचताना सगळ्यात जास्त अडकले ती आइसलँडच्या गोष्टीत, म्हणून ती आधी सांगते.

३ एप्रिल २०१६ला पनामा पेपर्स बाहेर आले. लोकांना परदेशात कंपन्या काढून देणाऱ्या मोसॅक फोन्सेका नावाच्या पनामातल्या कायदे सल्लागारांकडचे सव्वा कोटीच्या जवळपास, नेमकं सांगायचं तर १ कोटी १५ लाख दस्तऐवज. दोन लाखांवर कंपन्यांची माहिती त्यात होती. आइसलँडचे पंतप्रधान सिग्मुंदुर दाविद गुन्लॉगसन यांच्या कुटुंबाची विंट्रिस नावाची कंपनी त्यात निघाली, नोंदणी ब्रिटिश व्हर्जिन बेटांवर. २००९ साली ते खासदार झाले तेव्हा कंपनीत त्यांचा निम्मा वाटा होता, तो त्यांनी जाहीर केला नाही. त्याच वर्षाच्या शेवटच्या दिवशी तो वाटा त्यांनी पत्नीला एका डॉलरला विकला. मुलाखतीत पत्रकारांनी विंट्रिसचं नाव काढलं तेव्हा ते उठून निघून गेले.

४ एप्रिलला रेक्याविकच्या संसदेसमोरच्या चौकात लोक जमले. आयोजकांच्या म्हणण्यानुसार बावीस हजार. साऱ्या देशाची लोकसंख्या तेव्हा ३ लाख ३० हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या एका तालुक्याएवढी. लोकांनी संसदेच्या भिंतीवर अंडी फेकली, दही फेकलं, केळी फेकली. दुसऱ्या दिवशी पंतप्रधान पायउतार झाले.

आता त्यांनी कर बुडवला होता का? पती-पत्नीचं म्हणणं होतं की सगळा कर भरला आहे. मग एवढा राग कशाचा? २००८ साली त्या देशाच्या तिन्ही मोठ्या बँका बुडाल्या होत्या. तेव्हापासून सामान्य माणसाला देशाबाहेर पैसा नेण्यावर निर्बंध होते आणि २०१६ साली ते अजून चालूच होते. सगळ्यांनी बुडत्या क्रोनाच्या (तिथल्या चलनाच्या) होडीत बसायचं, आणि होडी हाकणाऱ्याच्या घरचा पैसा मात्र किनाऱ्यावर. त्यातून विंट्रिस त्याच बुडालेल्या बँकांची धनको निघाली. बँकांच्या धनकोंशी वाटाघाटी करणाऱ्या सरकारच्या प्रमुखाचं घर पलीकडच्या बाजूलाही बसलेलं होतं, हे लोकांना ठाऊकच नव्हतं. राग त्या न सांगण्याचा होता.

आपल्याकडेही राग कमी नव्हता. २०११ साली रामलीला मैदानापासून यात्रांपर्यंत सगळीकडे परदेशातला काळा पैसा हाच विषय. राम जेठमलानींच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी ४ जुलैला विशेष तपास पथक नेमायचा आदेश दिला, ते पथक मे २०१४मध्ये नेमलं गेलं. २०१५ साली परदेशातल्या दडवलेल्या मालमत्तेसाठी वेगळा कायदा आला: ३० टक्के कर, त्यावर कराच्या तिप्पट दंड, शिवाय तुरुंग. स्वतःहून सांगायला ३० सप्टेंबरपर्यंत मुदत दिली. साऱ्या देशातून ६४८ जण पुढे आले, रक्कम ४,१६४ कोटी.

६४८. आमच्या गावच्या एका वॉर्डात याहून जास्त मतदार आहेत.

मला वाटतं आपण चुकीचा प्रश्न विचारत राहिलो. "किती पैसा आहे आणि कधी परत आणणार?" जणू तो कुठे तरी पोत्यात बांधून ठेवलाय आणि ट्रक पाठवला की झालं. विचारायला हवं होतं, "कोणाचा आहे, हे कळायची सोय का नाही?" आमची वीस गुंठे जमीन आहे. तिचा सातबारा कोणीही मोबाइलवर उघडतो. बाबांचं नाव, भावकीची नावं, सोसायटीचा बोजा, सारं गाव वाचतं. आमच्या कर्जाची गावाला लाज वाटली नाही, आम्हालाही नाही. मग शेकडो कोटींच्या कंपनीला सातबारा का नसावा?

जाणकारांनी लिहावं. माझं काही चुकत असेल तर तेही सांगावं.

निंबोणी

बाबांचा प्रश्न वाचून गलबलून आलं. माझ्या आईला असाच संदेश आला होता, ती आठवडाभर देवासमोर बसून होती. बारीक माणसाला कायद्याची भीती वाटते कारण त्याने कधी कायदा मोडलेला नसतो.

जमाखर्च

वेण्णाकाठ ताई, मी सीए आहे, पंचवीस वर्षं मुंबईत. तुमचा प्रश्न बरोबर जागी आहे. यंत्रणा कशी चालते ते साध्या भाषेत सांगतो.

ब्रिटिश व्हर्जिन बेटांनी १९८४ साली असा कायदा केला की परदेशी माणसाला तिथे चटकन कंपनी काढता येते, धंदा तिथे करायचा नाही, कर तिथे नाही. कंपनीचे संचालक म्हणून एजंटच्या कार्यालयातली माणसं सही करतात. शेअरही त्यांच्याच नावावर ठेवता येतात. खऱ्या मालकाशी वेगळा करार असतो, तो कपाटात. आता या कंपनीचे शेअर जर्सी बेटावरच्या एका ट्रस्टकडे द्या. कंपनीचं बँक खातं सिंगापूरला उघडा. त्या खात्यातून लंडनमध्ये फ्लॅट घ्या. इथल्या तपास अधिकाऱ्याला मालक शोधायचा तर चार देशांना पत्रं लिहायला हवीत, प्रत्येक पत्राला वर्षं लागतात, आणि एका देशाने जरी "आमच्याकडे नोंद नाही" म्हटलं की साखळी तुटली.

आणि नोंद खरोखरच नसते. पनामा पेपर्स फुटल्यावर मोसॅक फोन्सेकाच्या लोकांनी आपल्याच कंपन्यांचे मालक शोधायला घेतले, तेव्हा ब्रिटिश व्हर्जिन बेटांवरच्या चालू कंपन्यांपैकी सत्तर टक्क्यांहून जास्त कंपन्यांचे खरे मालक त्यांना सांगता आले नाहीत.

एक खुलासा मात्र करायलाच हवा. यादीत नाव आलं म्हणजे माणूस चोर, असं नाही. परदेशी कंपनीत पैसा ठेवणं गुन्हा नाही. रिझर्व्ह बँकेच्या योजनेत वर्षाला अडीच लाख डॉलर रीतसर बाहेर नेता येतात. विवरणपत्रात परदेशी मालमत्तेचा तक्ता असतो, त्यात दाखवलं की झालं. न दाखवणं हा गुन्हा. कर वाचवणं, टाळणं आणि चुकवणं या तीन गोष्टी आहेत आणि मधल्या गोष्टीत वकिलांचं पोट भरतं.

पागोटे

जमाखर्च, हा खुलासा मला पटत नाही, स्पष्टच बोलतो. कायद्यात बसतं म्हणजे झालं का? कायदा कोणी करून घेतला? केमन बेटांवर अग्लंड हाउस म्हणून पाच मजली इमारत आहे. अमेरिकी सरकारच्या लेखापरीक्षकांनी २००८ साली मोजलं तेव्हा तिच्या पत्त्यावर १८,८५७ कंपन्या होत्या. त्या सगळ्या कायदेशीर. माझ्या टपरीचा परवाना काढताना मला जागेचा नकाशा, शेजाऱ्याची संमती आणि तीन खेपा लागल्या.

रोखठोक७२

हे सगळं एकाच पक्षाचं पाप आहे. सत्तर वर्षं ज्यांनी लुटलं त्यांची नावं घ्यायला लाज वाटते का इथे? आणि आताचे तरी

*(प्रतिसादाचा उरलेला भाग संपादित. – संपादक मंडळ: धागा चांगला चालला आहे. पक्षांची उणीदुणी काढायला राजकारण विभाग आहे, कृपया इथे विषयाला धरून लिहा.)*

शेवाबंदर

जमाखर्च सरांनी पैसा तिकडे कसा लपतो ते सांगितलं. तो इथून जातो कसा, ते मी सांगतो. न्हावा शेव्याला एका कस्टम एजंटकडे मी अकरा वर्षं कागद फिरवले आहेत.

लोकांना वाटतं बॅगा भरून जातो. बॅगांची गरजच नाही. समजा इथल्या कारखान्याला ६० रुपयांचं यंत्र हवंय. मालकाच्या मेव्हण्याची दुबईत कंपनी आहे. ती ६०ला घेते आणि इथे १००चं बिल लावते. माल खरा, जहाज खरं, बिल ऑफ एंट्री (आयात मालाचा कस्टमकडे भरायचा कागद) खरी, बँकेतून १०० रुपये रीतसर परकीय चलनात गेले. ४० तिकडे राहिले, तिथून पुढे कुठल्या बेटावर गेले ते कोण विचारतो? इथल्या कंपनीचा खर्च वाढला म्हणून नफा कमी, म्हणून करही कमी. म्हणजे एका बिलात दोन पक्षी.

किंमत कमी दाखवली तर जकात बुडते, म्हणून त्यावर अधिकाऱ्यांची नजर असते. किंमत जास्त दाखवली तर जकात उलट वाढते, आणि जकात मुळात कमी असलेल्या मालात तर ती वाढही चणेफुटाण्यांएवढी. तिथे डोळा लवकर जात नाही. हे मी पाहिलंय. कोणाचं, ते लिहिणार नाही.

आणि ताई, सगळ्यात वाईट भाग हा. यंत्रासाठी कर्ज बँकेचं असतं. शंभर रुपयांचं बिल दाखवून ऐंशी रुपये कर्ज काढलं, त्यातले चाळीस बाहेर. उद्या कारखाना बुडाला तर ते चाळीस रुपये कोणाचे गेले? ठेवीदारांचे. तुमच्या बाबांसारख्यांचे.

वेण्णाकाठ

शेवाबंदर, तुमचा शेवटचा परिच्छेद बाबांना वाचून दाखवला. त्यांनी दोनदा वाचायला लावला.

मुक्तबाजार

दुसरी बाजू कोणीतरी मांडायला हवी. लोक पैसा बाहेर का नेतात? १९७३-७४ साली आपल्याकडे वरच्या टप्प्याचा आयकर अधिभार धरून ९७.७५ टक्के होता. शंभरातले सव्वादोन रुपये हातात. अशाने प्रामाणिक माणूसही आडवाट धरतो. कर कमी करा, पैसा आपोआप परत येईल.

जमाखर्च

मुक्तबाजार, त्या काळाबद्दल तुमचं म्हणणं मान्य. माझ्या वडिलांनी त्या दराची विवरणपत्रं भरली आहेत. पण नंतरचंही बघा. वारशावरचं शुल्क १९८५ला गेलं. संपत्ती कर २०१५च्या अर्थसंकल्पात गेला. कंपन्यांचा दर सप्टेंबर २०१९मध्ये २२ टक्क्यांवर आला. पनामा पेपर्समध्ये भारताशी संबंधित पाचशेच्या आसपास नावं निघाली. २०१७च्या पॅराडाइज पेपर्समध्ये ७१४. २०२१च्या पँडोरा पेपर्समध्ये पुन्हा तीनशेहून जास्त. दर उतरत गेले तरी याद्या येतच राहिल्या, कारण बरेच जण करापासून पळतच नाहीत. बँकांच्या वसुलीपासून, भागीदारापासून, घटस्फोट मागणाऱ्या बायकोपासून, लाच कुठून आली या प्रश्नापासून पळतात. तिथे कराचा दर शून्य केला तरी लपायची जागा लागणारच.

आबोली

मी शब्दाबद्दल लिहिते, कारण शब्दाने विचार चुकतो. आपल्या वर्तमानपत्रांत 'करस्वर्ग' किंवा 'करनंदनवन' छापतात. मूळ इंग्रजी 'टॅक्स हेवन'मधला शब्द स्वर्ग नव्हे, 'हेवन' म्हणजे बंदर, वादळात होडी शिरते तो आसरा. स्वर्ग म्हटलं की ती जागा कुठे तरी वर, आपल्याशी संबंध नसलेली वाटते. आसरा म्हटलं की लगेच विचारता येतं, आसरा कोणाला आणि दिला कोणी. वेण्णाकाठ यांनी मथळ्यात 'दडवलेला' लिहिलंय ते म्हणूनच आवडलं.

रत्नाग्री

मी उशिरा येतोय, पण माझ्याकडे सांगण्यासारखं आहे. मॉरिशसला एबेनच्या सायबरसिटीत एका व्यवस्थापन कंपनीत मी पाच वर्षं नोकरी केली.

भारत-मॉरिशस करार १९८२चा. मॉरिशसमधल्या कंपनीने भारतातले शेअर विकून नफा केला तर त्यावर कर मॉरिशस लावणार, भारत नाही. आणि मॉरिशस भांडवली नफ्यावर कर लावतच नाही. २००० साली आपल्याच सरकारने परिपत्रक काढलं की तिथलं रहिवासाचं प्रमाणपत्र पुरेसं आहे, खोदून विचारू नका. त्याला न्यायालयात आव्हान दिलं गेलं, पण २००३ साली सर्वोच्च न्यायालयाने परिपत्रक वैध ठरवलं. मग पुढची कित्येक वर्षं भारतात येणाऱ्या थेट परकीय गुंतवणुकीतला साधारण एक तृतीयांश पैसा बारा-तेरा लाख वस्तीच्या त्या बेटावरून येत होता. त्यातला काही खरा परदेशी होता. काही आपलाच, वळसा घालून परदेशी नावाने परत आलेला. १० मे २०१६ला करार बदलला आणि १ एप्रिल २०१७पासून घेतलेल्या शेअरवर भारतात कर लागू लागला.

म्हणजे बघा, 'परत आणा' म्हणून आपण ओरडत होतो तेव्हा त्यातला काही पैसा आधीच परत आलेला होता. फक्त कर न भरता आणि नाव बदलून.

मी काय करायचो? कंपन्यांच्या संचालक मंडळाच्या बैठकींची इतिवृत्तं लिहायचो. स्थानिक रहिवासी संचालक दोन तरी लागत. आमच्याकडचा एकेक माणूस कित्येक कंपन्यांचा संचालक. बैठक दहा मिनिटांची, निर्णय मुंबईहून ईमेलवर आधीच आलेला. इतिवृत्तात मी लिहायचो, "साधकबाधक चर्चा होऊन". हे वाक्य मी शेकडो वेळा लिहिलं. त्याचं ओझं अजून आहे.

पण त्या बेटाला शिव्या देऊ नका, एवढीच विनंती. माझे घरमालक तिथले मराठी. त्यांचे पणजोबा कोकणातून उसाच्या मळ्यावर गेलेले. घरात क्रिओल बोलतात, आजी आरती मराठीत म्हणते. गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते. काका मला म्हणाले होते, "आमच्याकडे ऊस होता. युरोपने साखरेचा भाव पाडला. कापडाच्या गिरण्या गेल्या. मग पोरांनी करायचं काय? तुमच्या श्रीमंतांनी चाव्या आणल्या, आम्ही कुलूप विकलं." त्यांचा मुलगा माझ्याच कार्यालयात होता. त्याला मिळणारा पगार आणि तिथून जाणाऱ्या रकमा यांची तुलनाच नाही.

निवृत्त तलाठी

मी इथे फक्त वाचतो. आज लिहावंसं वाटलं.

वेण्णाकाठ ताईंनी सातबाऱ्याचा दाखला दिला, म्हणून सांगतो. मी छत्तीस वर्षं सातबारे लिहिले. सातबारा असला की मालक सापडतो, असं समजू नका. १९६१च्या कमाल जमीन धारणा कायद्यानंतर मोठ्या बागायतदारांनी काय केलं, ते जुन्या फेरफारांत दिसतं. जमीन बायकोच्या नावे, पाळण्यातल्या पोराच्या नावे, विहिणीच्या नावे, घरच्या गड्याच्या नावे. गड्याला पत्ताच नाही की आपण आठ एकरांचे मालक आहोत. पीक वाड्यावर जायचं. ब्रिटिश व्हर्जिन बेटांचा जो प्रकार जमाखर्च साहेबांनी सांगितला, तो मला नवा वाटला नाही. गड्याच्या जागी तिथे एजंट आहे, एवढंच.

पण तुम्ही सातबारा म्हणता तो मुळात दोन नमुन्यांचा आहे. सात म्हणजे हक्क कोणाचा. बारा म्हणजे पीक पाहणी. त्यात जमीन कसणाऱ्याच्या नावाचा रकाना असायचा. सात घरात बसून लिहिता येतो. बारासाठी बांधावर जावं लागतं. कुळकायद्यात कितीतरी कुळांना जमीन मिळाली ती त्या बाराच्या रकान्यात कधी काळी नाव लागलेलं होतं म्हणून. आणि किती जणांची गेली, कारण मालकाच्या धाकाने तलाठ्याने नाव लावलंच नाही, तेही मी जाणतो.

तर कंपन्यांना नुसता सात नको. बारा हवा. कागदावर कोण आहे ते राहू द्या. पीक कोणाच्या घरात जातं, ते लिहा. आणि लिहिणारा बांधावर जाणारा हवा.

जमाखर्च

तलाठी साहेब, नमस्कार करतो. व्यवसायात आम्ही 'लाभकारी मालक' असा जड शब्द वापरतो. इतकी वर्षं अशिलांना समजावताना मला तुमच्यासारखं सांगता आलं नाही.

बाराच्या दिशेने थोडी पावलं पडली आहेत. ब्रिटनने २०१६ साली आपल्या कंपन्यांच्या खऱ्या नियंत्रकांची वही सर्वांना खुली केली. आपल्याकडे २०१८पासून कंपनीत दहा टक्के किंवा जास्त खरा हितसंबंध असलेल्या माणसाची नोंद निबंधकाकडे द्यावी लागते. स्वित्झर्लंड २०१९पासून भारतीयांच्या खात्यांची माहिती दर वर्षी आपणहून देतं. पण उलटी पावलंही आहेत. युरोपीय संघाच्या न्यायालयाने नोव्हेंबर २०२२मध्ये मालकांच्या वह्या सरसकट खुल्या ठेवणं खासगीपणाच्या हक्काविरुद्ध ठरवलं. अमेरिकेने असाच कायदा केला आणि मार्च २०२५मध्ये स्वतःच्या देशी कंपन्यांना त्यातून सूट दिली.

निंबोणी

खासगीपणाचा मुद्दा मात्र मला अगदीच टाकाऊ वाटत नाही. आमच्या गावी सातबारे ऑनलाइन पाहून एकट्या राहणाऱ्या म्हातारीची जमीन हेरली आणि खोटं कुलमुखत्यारपत्र केलं. उघडी वही चोरालाही उघडी असते.

पागोटे

निंबोणी, म्हातारीला संरक्षण हवंच. पण आज उलटं आहे ना. म्हातारीची वही उघडी आणि शेकडो कोटींची बंद.

मुक्तबाजार

तलाठी काकांचा प्रतिसाद वाचून थोडा विचार बदलला. दर कमी हवेत हे मी अजूनही म्हणेन. पण पीक कोणाच्या घरात जातं हे लिहायला माझा विरोध नाही.

वेण्णाकाठ

सगळ्यांचे आभार. तलाठी काका, सातबारा म्हणताना माझ्या मनात फक्त सात होता, हे खरं. मूळ लेख बदलता येत नाही, नाहीतर त्यात बारा घातला असता. रत्नाग्री, तुम्ही ते इतिवृत्ताचं वाक्य इथे लिहिलंत, त्याला धीर लागतो.

काल संध्याकाळी बाबांना आइसलँडची गोष्ट सांगितली. दही आणि केळी फेकली म्हटल्यावर त्यांना अन्न वाया गेल्याचं वाईट वाटलं. मग विचारलं, "त्या पंतप्रधानाचं पुढे काय झालं?"

शोधून सांगितलं. दीड वर्षाने, २०१७मध्ये, त्यांनी नवा पक्ष काढला. निवडणुकीत पक्षाचे सात जण संसदेत निवडून आले. तेही त्यात होते.

बाबा बराच वेळ गप्प होते. मग चष्मा मागितला आणि यंदाचा १५एच माझ्यासमोर भरायला घेतला.